कालचं विरजण

चौदाव्या बॅचमधून औषधाच्या बावीस बाटल्या भरल्या. पहिलीतून नऊशे भरल्या होत्या. बावीस बाटल्या तर तपासणीतच संपतात, म्हणजे रुग्णांसाठी उरलं काय, तर शून्य. मी प्रक्रिया विभागाची प्रमुख. हंडा माझा, त्यातले जिवाणू माझे, म्हणून ते शून्यही माझंच.

हंडा म्हणजे हजार लिटरची पोलादी टाकी. तिचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. पण ज्यांच्या हातात काम असतं त्यांच्या तोंडात बसतील असेच शब्द हवेत, हे माझं जुनं वेड. परक्या भाषेतली कार्यपद्धती पोपटासारखी वाचणारी माणसं पाहिली की माझं डोकं फिरतं. म्हणून दीड वर्षापूर्वी मी अख्खी कार्यपद्धती बसून नव्याने लिहिली होती, चाळीस पानांची बारा पानं केली होती, आणि त्याबद्दल टाळ्याही घेतल्या होत्या.

त्या हंड्यात साधे जिवाणू वाढतात. एरवी कुणाच्याही आतड्यात गुपचूप राहणारी ही जात. हुशार माणसांनी त्यांच्या आत एक जास्तीची सूचना घालून ठेवली आहे. साखर खा, वाढा आणि वाढता वाढता हे एक प्रथिन तयार करा. ते प्रथिन आम्ही बाहेर काढतो, गाळतो, शुद्ध करतो आणि बाटलीत भरतो. रक्ताच्या एका आजारात बिघडलेल्या पेशींचं खाणं ते तोडून टाकतं. पेशी उपाशी मरतात, मूल जगतं. इतकं सरळ आहे, हंडा चालला तर.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला तोच आजार आहे. अकरा वर्षांची आहे आणि घरात तिला वकील म्हणतात, कारण झोपायला सांगितलं तरी ती आधी कारण विचारते. आम्ही एकाच घरात राहतो. तिच्या खोलीच्या दारामागे एक तक्ता चिकटवलेला होता, वीस घरांचा. दर आठवड्याला एक इंजेक्शन, एक घर, त्यात नर्सची सही. आठवडा चुकला तर त्या पेशी पुन्हा डोकं वर काढू शकतात, हे डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं होतं. तीन घरं भरली होती. दवाखान्यात तिच्या नावाच्या पाच बाटल्या शिल्लक होत्या. हे औषध बनवणारे आसपास दुसरे कुणी नाहीत.

चौदाव्या बॅचचा निकाल मी घरी लपवला नाही. धाकटी ओट्याला टेकून उभी राहिली. वकिलाने मात्र उलटतपासणी सुरू केली.

"मावशी, जिवाणू मेले का?"

"नाही गं. उलट मस्त वाढतायत. पूर्वीपेक्षा जोरात."

"खातायत?"

"दाबून."

"आणि काम?"

"करत नाहीयेत."

तिने लगेच वहीचं पान फाडलं. जेवायला बसायच्या आत माझ्या हातात नोटीस पडली. 'प्रति, समस्त जिवाणू, मुक्काम हंडा. आपणांस कळवण्यात येते की आपण साखर खाता, हवा घेता, जागा अडवता, पण ठरलेले काम करत नाही. तरी पाच आठवड्यांच्या आत लेखी खुलासा करावा. अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल.'

"पुढील कारवाई काय?" मी विचारलं.

"ते अजून ठरलेलं नाही. नोटिशीत ते कधीच सांगत नसतात."

मी ती नोटीस घडी करून पर्समध्ये ठेवली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं. पाच आठवडे म्हणजे पस्तीस दिवस, आणि रडण्यात त्यातली दहा मिनिटं गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंड्याच्या मागेच लागले. साखर तपासली, पाणी तपासलं, हवेच्या गाळण्या बदलल्या. दुसरा कुठला जंतू शिरलाय का, हे गुणवत्ता विभागाने तीनदा पाहिलं. त्या विभागाच्या प्रमुख बाई प्रत्येक वाक्य 'परंतु'ने सुरू करतात, म्हणून कारखाना त्यांना परंतुबाई म्हणतो. बाई काटेकोर आहेत, माझं त्यांच्याशी पटत नाही, आणि त्यांच्याइतका विश्वास मी कुणावर ठेवत नाही.

"परंतु परका जंतू एकही नाही," त्या म्हणाल्या. "हा आपलाच जिवाणू आहे. नखशिखान्त आपलाच."

"मग औषध का करत नाहीये?"

"परंतु ते तुमचं खातं."

सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी संचालकांनी बोलावून सांगितलं, की हा वाण म्हातारा झाला, त्याच्यात दम राहिला नाही. नवा मागवायचा तर वर्ष लागेल. तोवर हंडा बंद. त्यांचा आवाज मऊ होता, वकिलाबद्दल त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, पंचवीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या जीवाला म्हातारपण येत नाही, आणि मला उद्यापर्यंत वेळ द्या. ते 'बरं' म्हणाले, पण मान नकारार्थी हलत होती.

खाली उतरले तेव्हा नाना हंड्याची काच पुसत होते. नाना हंडाचालक. सव्वीस वर्षं याच कामात, हंड्याच्या नुसत्या आवाजावरून आत काय चाललंय ते सांगणारा माणूस. मी पायरीवर बसले. मला कंटाळा आला होता, भूक लागली होती, आणि काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

"नाना, मला पहिल्यापासून सांगा. विरजण कुठून घेता?"

विरजण म्हणजे हंड्यात सगळ्यात आधी टाकायचे थोडेसे जिवाणू, ज्यांचे मग कोटी कोटी होतात. मूळ कागदात त्याला एक अवजड शब्द होता. मी तो खोडून विरजण लिहिलं होतं. माझा सगळ्यात लाडका बदल.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. हिला झालंय तरी काय, अशी ती नजर होती.

"कुठून म्हणजे? कालच्यातून."

"कालच्यातून?"

"मागच्या बॅचमधून हो. हंडा रिकामा करायच्या आधी एक बाटली काढून ठेवतो थंडीत. विरजण आणखी कुठून घेतात, मॅडम?"

"प्रत्येक वेळी?"

"चौदा महिन्यांत एकदाही मोडू दिलं नाही," नाना म्हणाले. त्यांना ते अभिमानाने सांगायचं होतं, आणि का सांगू नये? "सुट्टीवर गेलो तरी जोडीदाराला बजावून जातो, बाबा रे, सगळं सोड पण विरजण सांभाळ."

मी उठले आणि जवळजवळ पळतच शीतकोठारात गेले. तिथे उणे ऐंशी अंशांच्या कपाटात एक पेटी असते. चाळीस कुप्यांची. प्रत्येक कुपीत मूळ जिवाणूंचा एक थेंब, गोठवलेला. प्रत्येक बॅचला नवी कुपी उघडायची, हा या धंद्याचा पहिला धडा. मी हातमोजे घालून पेटी बाहेर काढली. चाळीस खाचा, चाळीस कुप्या. पहिल्या बॅचचं विरजण पेटी भरताना उरलेल्या मूळ जिवाणूंचं होतं, आणि त्यानंतर एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं. कोठारवाल्याने दर महिन्याला 'साठा पूर्ण' असं लिहून खाली सही केली होती, आणि त्या अहवालावर मीही सही केली होती. साठा पूर्ण आहे म्हटल्यावर मला बरंच वाटलं असणार.

आता सगळं उलगडलं. औषध बनवणं हा जिवाणूला भुर्दंड असतो. त्याची निम्मी ताकद त्यात जाते. हजारांत एखादा निपजतो जो ती सूचना टाकून देतो. तो हलका होतो, भराभर वाढतो. एका बॅचपुरते असे कामचुकार मूठभरच असतात, त्यांनी काही बिघडत नाही. पण आपण त्याच हंड्यातून पुढचं विरजण घेतलं, त्यातून पुढचं, त्यातून पुढचं, तर दर खेपेला कामचुकारांची रांग पुढे सरकते आणि कष्टाळू मागे पडतात. चौदाव्या खेपेला हंडा तुडुंब भरतो, फेस येतो, सगळं झकास दिसतं आणि औषध नसतं.

मी माझी बारा पानं काढली. पान चार. 'नेहमीप्रमाणे विरजण लावावे.' मूळ कागदात इथे कुपीचा क्रमांक लिहायला रकाना होता. माझ्या नव्या तक्त्यात तो नव्हता. एका पानात बसत नव्हता म्हणून मी काढला होता, आणि त्याच्या जागी नुसता चौकोन ठेवला होता, खूण करायला. विरजण लावले. चौदा बॅचेस, चौदा खुणा. ज्या माणसाने जन्मभर घरात विरजण लावताना पाहिलं, त्याला 'नेहमीप्रमाणे' म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं. मला शब्द सुंदर वाटला, मी पुढे गेले. स्वतःचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी भरली. संचालक, परंतुबाई, मी, आणि दाराशी नाना, हातात टोपी धरून. त्यांना कुणकुण लागली होती.

"परंतु हे स्पष्ट आहे," परंतुबाई म्हणाल्या. "चालकाने कार्यपद्धती पाळली नाही."

"पाळली," मी म्हटलं. "अक्षरशः पाळली." आणि पान चार मोठ्याने वाचलं. "हे मी लिहिलंय. कुपीचा रकाना मी काढलाय. खाली सही माझी आहे. नानांना मी सांगितलं विरजण लावा, त्यांनी विरजण लावलं. चूक माझी आहे, आणि ती निस्तरायला मला हंडा हवाय. आजपासून."

परंतुबाई चष्मा काढून पुसायला लागल्या.

"परंतु त्या कागदावर माझीही सही आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मीही वाचून पुढे गेले."

संचालकांनी दिवस मोजले. कुपीपासून हंड्यापर्यंत तीन दिवस, हंड्याचा एक, शुद्धीकरण आठवडाभर, आणि मग निर्जंतुकपणाची चाचणी, चौदा दिवसांची, तिच्यात घासाघीस नाही. पंचवीस दिवस. हातात सत्तावीस होते.

"म्हणजे एकच खेप," ते म्हणाले.

"एक पुरे आहे."

"आणि चौदा महिने पडून राहिलेल्या कुप्यांत जीव आहे का, हे माहीत नाही."

"नाही माहीत. उघडल्याशिवाय कळणार कसं?"

नाना माझ्याबरोबर खाली आले. थंडीतली बाटली त्यांनी स्वतः काढली, जिच्यावर त्यांच्या गोल अक्षरात 'विरजण' लिहिलं होतं. जुन्या जिवाणूंना वाफेवर मारून मगच टाकायचं असतं. वाफेच्या भांड्याचं झाकण लावताना त्यांचा हात थांबला.

"मॅडम, मी तर सांभाळत होतो हो."

"नाना, तुम्ही सांभाळलंत. मी चुकीचं सांभाळायला सांगितलं."

त्यांनी झाकण फिरवून घट्ट केलं. माझ्याकडे बघितलं नाही.

आम्ही दोन कुप्या काढल्या, एक वापरायला आणि एक हाताशी. पहिली वितळली, साखरपाण्याच्या काचेच्या चंबूत गेली. एक दिवस चंबूत काही दिसेना. दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडासमोर धरल्यावर पाणी जरासं धुरकट वाटलं. नानांना वाटलं माझ्या डोळ्यांचा भास. परंतुबाईंनी यंत्रात आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "परंतु वाढतायत." त्या वाक्याला परंतुची काय गरज होती, देव जाणे, पण मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला चंबूतले जिवाणू हंड्यात टाकले. जुन्या हिशेबाने दहाला हंडा दाट व्हायला हवा होता. दहाला आतलं पाणी चहाच्या भांड्याच्या विसळणीइतकं पातळ होतं. अकराला तेच. बाराला संचालक खाली आले आणि काचेला नाक लावून उभे राहिले. एकाला परंतुबाई आल्या.

"कुपीत जीव कमी पडला," संचालक म्हणाले. "जुन्या बॅचचा नमुना गुणवत्ता विभागात ठेवलेला आहे ना? त्यातलं लिटरभर घाला. जोर तरी येईल."

"नाही," मी म्हटलं.

"अहो, निम्मे तरी कामाचे निघतील."

"लिटरभर कामचुकार आत गेले की संध्याकाळपर्यंत हंडाभर तेच होतील. मला दाट नकोय. दाटच बघत बसलो म्हणून तर ही वेळ आली."

"आणि हे फुकट गेलं तर? तुमची भाची—"

"तिचं नाव काढू नका," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की घालावं. डोळ्यांना सवयच दाटाची लागली होती. मी जाऊन हंड्यात भर घालायच्या झडपेला पाठ लावून उभी राहिले, म्हणजे मोह मला झाला तरी हात मागे पोचू नये.

तेवढ्यात नाना बोलले.

"पहिल्या बॅचला असंच होतं."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"पहिल्या बॅचच्या दिवशी मी डबा उघडला तेव्हा चार वाजून गेले होते. दाटल्याशिवाय हलायचं नाही म्हणून उपाशी बसलो होतो, भुकेने चक्कर यायची बाकी होती. पुढे पुढे मग जेवायच्या सुट्टीच्या आत दाटायला लागलं. आम्हाला वाटलं, आमचा हात बसला."

परंतुबाईंनी तिथेच जुनी नोंदवही मागवली. पहिली बॅच, दाट व्हायला साडेनऊ तास. दुसरी, नऊ. पाचवी, सात. दहावी, पाच. चौदावी, पावणेचार. दर ओळीखाली माझी सही. वेळ वाचवल्याबद्दल मागच्या वर्षी कारखान्याने मला मानपत्र दिलं होतं, ते माझ्या टेबलामागे भिंतीवर होतं.

"परंतु मग साडेतीनपर्यंत थांबायला काय हरकत आहे?" परंतुबाई म्हणाल्या आणि येऊन माझ्या शेजारी झडपेला पाठ लावून उभ्या राहिल्या. संचालकांनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि एक खुर्ची ओढून घेतली.

अडीचला काच जराशी धूसर झाली. तीनला पलीकडचा दिवा पुसट दिसू लागला. साडेतीनला दिवा दिसेनासा झाला. नानांनी डबा उघडला, पण आधी माझ्यासमोर धरला.

सहा दिवसांनी शुद्ध केलेल्या औषधाचा आकडा आला. हिशेबाने आठशे साठ बाटल्या. मी तो आकडा तीनदा वाचला आणि परंतुबाईंना वाचायला लावला, माझ्या वाचण्यावर माझा विश्वास उरला नव्हता. मग चौदा दिवस निर्जंतुकपणाच्या चाचणीकडे डोळे लावून बसायचं होतं. त्या दिवसांत मी पान चार पुन्हा लिहिलं. 'उणे ऐंशीच्या पेटीतून एक नवी कुपी काढावी. कुपी क्रमांक लिहावा. मागच्या बॅचमधले काहीही वापरू नये.' रुक्ष, तीन ओळींचं. नानांना वाचून दाखवलं आणि त्यांना माझ्यासमोर करून दाखवायला सांगितलं. मानपत्र भिंतीवरून काढून टेबलाच्या खणात टाकलं. बाकीची अकरा पानंही आता तशीच तपासायची आहेत, ओळ न ओळ, करणाऱ्या माणसासमोर बसून.

घरी तक्त्याची आठवी सही झाली त्या दिवशी दवाखान्यातल्या तिच्या बाटल्या संपल्या. धाकटीने नुसतं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. आठव्या सहीनंतर पाचव्या दिवशी चाचणीचा निकाल आला. बाटल्या त्याच दुपारी दवाखान्याकडे निघाल्या.

नववं इंजेक्शन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी होतं. वकील दवाखान्याच्या पलंगावर पाय सोडून बसली होती, बाही वर सरकवलेली. नर्सच्या हातातली बाटली तिने मागून घेतली आणि बॅच क्रमांक वाचला.

"पंधरा. हे पातळवालं का?"

"पातळवालं."

"नोटिशीचा खुलासा आला नाही अजून. मुदत आज संपली."

मी पर्समधून कागद काढून दिला. रात्री लिहून ठेवला होता. तिने तो मोठ्याने वाचला. 'महोदया, आपल्या नोटिशीस अनुसरून कळवण्यात येते की जिवाणूंनी कोणतीही चूक केलेली नाही. त्यांना जसे वाढवले तसे ते वाढले. हंडाचालकाचीही चूक नाही. चूक आपल्या मावशीची आहे. तिने एक शब्द लिहिला आणि तो ऐकणाऱ्याला काय कळला, हे विचारले नाही.'

तिने कागद खाली ठेवला. संचालकांसमोर कबूल करणं याहून सोपं होतं. पाच बाटल्यांनंतर हिला सहावी मिळाली नसती तर ते माझ्यामुळे झालं असतं, आणि हे तिला आता कळलं होतं.

"खरंच तुझी चूक होती?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

धाकटी खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"ठीक आहे. जिवाणूंवरची नोटीस मागे," वकील म्हणाली. "आता हात धर. आणि सुईकडे बघायचं, दुसरीकडे नाही."

मी हात धरला आणि सुईकडे बघितलं. औषध पाण्यासारखं स्वच्छ होतं, ते सगळं आत जाईपर्यंत तिने माझी बोटं आवळून धरली होती. झाल्यावर घरी येऊन तिने दारामागचा तक्ता उघडा केला, नर्सने चिठ्ठीवर करून दिलेली सही स्वतः चिकटवली आणि तिच्याखाली मोकळ्या राहिलेल्या जागेत मला सही करायला लावली. वाचून सही कर, असं बजावलं. मी वाचून केली. घरं अजून अकरा होती, आणि पेटीत कुप्या अडतीस.